मागून देणारा

चूक कौसल्येची होती. दुसऱ्या कुणाची असती तर तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता आणि चाळीच्या अख्ख्या तिसऱ्या माळ्याने तो फुकटात ऐकला असता. पण खेकड्याची नांगी तिनेच दिली होती. स्वतःच्या हाताने, टोपातली सगळ्यांत मोठी बघून लेकीच्या ताटात वाढली होती. आता बोलणार कुणाला?

रविवार होता, आणि साधासुधा रविवार नव्हता. चार वाजता गिरणीमागच्या मैदानावर कबड्डीची निवड चाचणी होती. मुंबईच्या मुलींच्या संघात बारा जणी घ्यायच्या होत्या आणि लालबाग-परळपासून माहीमपर्यंतच्या पन्नासेक पोरी त्यासाठी येणार होत्या. सुगंधा त्यांतलीच एक. वय पंधरा, अंगाने काटकुळी, पण चढाईला गेली की समोरच्या सात जणींना घाम फोडणारी. गेल्या वर्षी तापाने फणफणली म्हणून चाचणी हुकली. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

अशा दिवशी पोरीला पिठी-भात खायला घालून पाठवायचं? कौसल्येच्या माहेरी, तिकडे मालवणाकडे, अंगमेहनतीचं मोठं काम निघालं की माणसाला कुर्ल्यांचा रस्सा घालत. अंगात रग येते म्हणत. कौसल्येने सकाळीच बाजार गाठला, कोळणीशी हुज्जत घालून चांगल्या जड, भरलेल्या कुर्ल्या आणल्या आणि खोबरं वाटून असा रस्सा केला की वास दुसऱ्या माळ्यापर्यंत गेला.

"आई, कडक काही खायचं नाही. डॉक्टर मॅडमनी सांगितलंय," सुगंधा नांगीकडे बघत म्हणाली.

"मॅडमला काय कबड्डी खेळायचीय? खा गुपचूप. एका नांगीने काय होतंय?"

एका नांगीने जे व्हायचं ते झालं. कट्‌ असा आवाज आला. दोघींना वाटलं, नांगी फुटली. नांगी जशीच्या तशी होती.

सुगंधाच्या दातांना तारा होत्या. वरचे दात पुढे आलेले, त्यात कबड्डीत दर दोन दिवसांनी तोंडावर पडणं, की ओठ फुटलाच. शेवटी सरकारी दातांच्या हॉस्पिटलात नेली. तिथली डॉक्टरीण, वयाने पोरच, पण शहाणी. ती म्हणाली, दात मागे नेऊ, दीड-दोन वर्षं लागतील, पण मावशी, अर्धं काम माझं आणि अर्धं घरचं. कौसल्येला ते 'अर्धं घरचं' फार आवडलं. चौथी शिकलेल्या बाईला कुणी अर्ध्या कामाची भागीदार केल्याची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

आणि तिने तो अर्धा वाटा चोख सांभाळला होता, हे कबूल केलंच पाहिजे. डॉक्टरणीने दिलेला कागद तिने कपाटाच्या दारावर डकवला आणि महिन्याभरात तोंडपाठ केला. तार टोचली तर मेणाची कांडी मोडायची, वाटाण्याएवढं मेण बोटांत मळायचं, तार कापसाने कोरडी करायची आणि मग मेण दाबून बसवायचं. ओल्यावर बसत नाही. गाल सोलला तर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा. तारेचं टोक वाकून बाहेर आलं तर पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच दातालगत दाबायचं. तार आवळून आणल्यावर दोन दिवस पोरगी रडवेली व्हायची, तेव्हा मऊ खिमट आणि वर एक टपली. एकदा दातावर चिकटवलेल्या टिकलीवरचं इवलंसं रबराचं कडं निघालं होतं, ते तिने चिमट्याने असं परत बसवलं की महिन्याने डॉक्टरीण म्हणाली, मावशी, माझ्याकडे शिकायला या. हे वाक्य कौसल्येने नळावर किती जणींना ऐकवलं, त्याची गणतीच नाही.

तीच कौसल्या आज नांगी देऊन बसली होती.

"तोंड उघड," ती म्हणाली. आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण तो चढेना.

वर उजवीकडे, सगळ्यांत मागच्या दाढेवर एक बारीकशी नळी होती. दातांवरून आलेल्या तारेचं शेवटचं टोक त्या नळीत शिरलेलं असायचं. ते आता निसटून बाहेर आलं होतं आणि सरळ गालात घुसत होतं. त्याच्या अलीकडच्या दातावर चिकटवलेली चौकोनी टिकली सुटून तारेवर लोंबकळत होती. टिकलीची कौसल्येला काळजी नव्हती. कागदावर लिहिलेलं होतं, सुटलेली टिकली ओढू नका, तारेवर राहू द्या, डॉक्टरांना दाखवा. खरं दुखणं त्या टोकाचं होतं. हॉस्पिटल रविवारी बंद.

तिने सगळे उपाय क्रमाने केले. चुळा झाल्या. कापूस झाला. मेण वाटाण्याएवढं नाही, चांगलं दोन वाटाण्यांएवढं लावलं.

"आता दम घे बघू."

सुगंधा खोलीच्या मधोमध उभी राहिली, गुडघ्यात वाकली आणि सुरू झाली. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." पाचव्या-सहाव्या खेपेला 'ब' म्हणताना गाल आत दाबला गेला, मेणाचा गोळा टपकन जिभेवर आला आणि पोरीचा दम तिथेच तुटला. तिने हात गालावर दाबला. बोट काढलं तर रक्त.

पुन्हा लावलं, पुन्हा निघालं. तार नुसतीच टोचत नव्हती, ती स्प्रिंगसारखी उसळून मेणाला ढकलत होती.

आता ज्याला कबड्डी ठाऊक आहे त्याला सांगायला नको. चढाई म्हणजे दम. पंच कान देऊन उभा असतो. एका श्वासात, न थांबता, स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. जीभ अडखळली, आवाज तुटला की चढाई करणारी बाद. पायांत कितीही वीज असू दे, तोंड चाललं नाही तर ती पोरगी बाकावर.

"आई, जाऊ दे," सुगंधा म्हणाली. "मी अशीच खेळते. रक्त गिळीन."

"गप्प बस. रक्त गिळते म्हणे." कौसल्येला भरून आलं आणि त्याचाच तिला राग आला. पोरीने एका शब्दानेही नांगीचं नाव काढलं नव्हतं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एवढ्यात रामजी आला. रामजी म्हणजे चाळीच्या मंडळाचा अध्यक्ष, संपाच्या वेळचा पुढारी, गिरणीत फिटर होता. तो आला तो हातात पक्कड घेऊनच.

"वहिनी, सरका. एका फटक्यात टोक उडवतो."

"त्या पकडीने? रामजीभाऊ, तुम्ही पोरीचा जबडाच उतरवाल," कौसल्या म्हणाली. "कापायचं ते अगदीच काही जमलं नाही तर. तुकडा घशात गेला म्हणजे? आणि आखूड झालेली तार परत नळीत पोचणार आहे का? जमलं तर चिमट्याने पुन्हा बसवा, असं लिहिलंय." तिने कपाटाकडे बोट दाखवलं. रामजीने कागद वाचला, आपली पक्कड खिशात घातली आणि मैदानावर तयारी बघायला म्हणून निघून गेला.

तिने चिमटा उकळून घेतला आणि स्वतःच प्रयत्न केला. दोनदा. दोन्ही वेळा तार निसटून पोरीला टोचली. दुसऱ्या खेपेला सुगंधाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा कौसल्येने चिमटा खाली ठेवला.

एक वाजता रघू ड्युटीवरून आला.

रघू म्हणजे तिचा नवरा. प्रभादेवीला एका सोसायटीत वॉचमन. येणाऱ्या गाडीला फाटक उघडायचं, गेलेल्या गाडीमागे बंद करायचं. घरी आला की दोन वाक्यं बोलायचा, त्यातलं एक जेवणाबद्दल. चाळीत मात्र त्याला मान होता. संपात शेवटपर्यंत टिकलेला, गिरणीने परत न घेतलेला, तरी न वाकलेला. आणि संप मोडून कामावर गेलेल्या फितुराशी तेरा वर्षं एक शब्द न बोललेला. कौसल्येला त्याच्या ह्या पिळाचा केवढा अभिमान! आमच्या ह्यांच्यासारखा तत्त्वाचा माणूस दाखवा, असं ती छातीवर हात ठेवून सांगायची.

त्याने सगळं ऐकलं. कुर्ल्यांच्या टोपाकडे एकदा बघितलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, चष्मा पुसला, लेकीला खिडकीखाली पाटावर बसवलं आणि कौसल्येच्या हातात बॅटरी दिली.

त्याचे हात कामाला लागलेले कौसल्येने कित्येक वर्षांत बघितले नव्हते. डाव्या हाताच्या बोटाने त्याने गाल इतका अलगद बाजूला घेतला की पोरगी दचकलीसुद्धा नाही. उजव्या हातातला चिमटा आत गेला आणि तारेला लागला तो थरथर न करता. तार पकडली. टोक नळीपाशी नेलं. आणि तिथे अडलं. नळीचं तोंड सुईच्या नाकाएवढं. तार चिमट्यात धरून मागे ढकलता येत होती, पण ढकलली की टोक हेलकावून नळीच्या वर किंवा खाली जायचं. त्या टोकाला कुणीतरी तिसऱ्या हाताने धरून नळीच्या तोंडाशी आणून द्यायला हवं होतं.

त्याने चारदा केलं. मग चिमटा बाहेर काढला.

"ह्याला मागून देणारा पाहिजे," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

मागून देणारा म्हणजे कोण, ते कौसल्येला पक्कं ठाऊक होतं.

रघू गिरणीत भरणी खात्यात होता. साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या सुताचा ताणा चढवायच्या आधी त्याचा एकेक धागा वहीच्या, म्हणजे तारांच्या चौकटीच्या, तारेतल्या डोळ्यातून आणि पुढे फणीच्या फटीतून ओढून घ्यावा लागतो. असे दोन-अडीच हजार धागे. एक चुकला तर पुढे शेकडो वार कापडात रेघ. हे काम जोडीने करायचं. मधे वही टांगलेली, मागच्या बाजूला एक माणूस, पुढच्या बाजूला दुसरा. मागचा धागा निवडून डोळ्याशी देतो, पुढचा आकडीने ओढून घेतो. एकमेकांचं तोंड दिसत नाही. दिसतात ती फक्त बोटं. रघू पुढचा होता. अकरा वर्षं त्याचा मागून देणारा एकच, आणि तो ह्याच माळ्यावर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. त्याचं नाव कुशाबा.

ब्याऐंशी साली संप झाला. जानेवारीत सुरू झाला, दिवाळी आली तरी मिटेना. दिवाळीनंतर एका सकाळी कुशाबा संप मोडून, मालकांच्या जाळीच्या गाडीत बसून गिरणीत गेला. का गेला, ते कुणी विचारलं नाही. संध्याकाळी तो परतायच्या आत बायकांनी त्याच्या दारावर बांगड्यांचा हार टांगला होता. त्यात दोन हिरव्या बांगड्या कौसल्येच्या होत्या. गिरणी पुढे बंदच पडली, आत गेलेले आणि बाहेर राहिलेले सगळे सारखेच रस्त्यावर आले. हळूहळू लोक कुशाबाला 'काय, बरं आहे ना' इतपत म्हणायला लागले. रघू मात्र नाही. गॅलरीत समोरून कुशाबा आला की रघू भिंतीकडे बघायचा.

कौसल्येने घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन. लेकीकडे पाहिलं. ती गालात कापूस धरून मुकाट बसली होती, पायांना आधीच पट्ट्या बांधलेल्या.

नवऱ्याला विचारावं का? तो नाही म्हणाला तर? मग तिने विचारलंच नाही. पदर खोचला आणि ती चालायला लागली.

वीस पावलांची गॅलरी. तेरा वर्षांत ती त्या टोकाला कधी गेली नव्हती. दार मीराबाईने उघडलं, कुशाबाच्या बायकोने, आणि कौसल्येला बघून ती दारातून बाजूला झाली. आत कुशाबा जमिनीवर बसून एका कोटाला रफू करत होता. दादरच्या कुठल्याशा लॉन्ड्रीचं काम त्याच्याकडे येई. जळलेल्या जागी त्याने असं विणलं होतं की कौसल्येला भोक कुठे होतं ते दिसेना.

"भावोजी," ती म्हणाली. हा शब्द तोंडातून निघेपर्यंत तिला घाम फुटला. "सुगीची तार दाढेवरच्या नळीतून निसटलीय. चार वाजता चाचणी आहे. नांगी मीच दिली, माझंच डोकं फिरलं होतं. तुम्ही येता?"

कुशाबाने सुई थांबवली. "रघूने बोलावलंय?"

खोटं बोलणं सोपं होतं. ती म्हणाली, "नाही. ते म्हणाले, ह्याला मागून देणारा पाहिजे. एवढंच म्हणाले."

कुशाबाने कोटाची घडी केली. सुई कापसात खोचली. मग मीराबाईला म्हणाला, "साबण दे."

तो खोलीत आला तेव्हा रघू पाटासमोर तसाच बसलेला होता. त्याने मान वर केली. कौसल्येला वाटलं, आता उठतो आणि जातो. तो उठला नाही. थोडा डावीकडे सरकला आणि शेजारी जागा केली.

कुशाबाने क्रोशाची सुई मागितली. तिचा आकड्याचा भाग नाही, मागचा बोथट दांडा त्याने वापरायला घेतला. चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला धरला. दोघांची डोकी पोरीच्या तोंडावर जवळजवळ टेकली होती, पण एकमेकांकडे कुणी बघितलं नाही. बघायची त्यांना सवयच नव्हती.

"बाय, जीभ खाली ठेव. गिळावंसं वाटलं तर बोट वर कर," कुशाबा म्हणाला. सुगंधाने मान हलवली.

रघूने तार चिमट्यात पकडली. कुशाबाने दांड्याने टोक उचललं, केसभर वर नेलं, नळीच्या तोंडाशी आणून थांबवलं.

"दिला."

"घेतला," रघू म्हणाला आणि चिमटा मागे सरकवला.

टोक आत शिरलं, आणि पुन्हा बाहेर आलं. कौसल्येच्या हातातली बॅटरी हलली. "वहिनी, उजेड," कुशाबा म्हणाला, आणि तिने दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरून ठेवलं.

सुगंधाने बोट वर केलं. दोघे एकाच वेळी मागे झाले, तिने गिळलं, दोघे एकाच वेळी पुढे आले. कुणी कुणाला सांगितलं नाही. कौसल्येला वाटलं, देवा रे, हे काय आहे! अकरा वर्षं रोज आठ तास ही माणसं असं काम करत होती आणि मी घरी बसून समजत होते की गिरणीत नुसते सूत ओढतात. हे हात, आणि ह्यांच्याकडून लोक फाटक उघडून घेतात.

"दिला."

"घेतला."

ह्या वेळी रघू थांबला नाही. चिमटा तारेवर एक दाणाभर पुढे घेतला, पुन्हा ढकलला, पुन्हा पुढे घेतला. कुशाबाचा दांडा बरोबर तेवढाच मागे सरकत गेला. तार नळीत शिरली, पार गेली. मागून निघालेलं टोक कुशाबाने दांड्याने हिरडीपासून दूर, दाताकडे दाबलं. लोंबणारी टिकली तिच्या जागी सरकवली. मग कौसल्येने कापसाने कोरडं केलं आणि दाढेवर आणि टिकलीवर मेण बसवलं. ते काम तिचं होतं आणि तिने ते कुणाला करू दिलं नसतं.

"घे दम," रघू म्हणाला.

सुगंधा उभी राहिली. "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..." खोली भरून गेली. दहा झाले, वीस झाले, मेण हललं नाही. ती थांबेचना. बाहेर गॅलरीत माणसं जमली, तरी ती चालूच. शेवटी श्वास सोडला आणि ती हसली, तारांसकट सगळे दात दाखवून. मग तिने वाकून आधी कुशाबाच्या पायांना हात लावला. त्याने पाय मागे घेतले, पण तोवर उशीर झाला होता.

कुशाबा जायला वळला, तेव्हा रघू चिमटा पुसत, त्याच्याकडे न बघता म्हणाला, "मॅच बघायला येशील?"

"मैदानावर?" कुशाबाने विचारलं. रामजी आणि सगळी जुनी मंडळी तिथे असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"माझ्याबरोबर," रघू म्हणाला.

चाचणीचं काय सांगू? पहिल्या चढाईला पोरगी जरा बिचकली, जीभ दाढेकडे जात होती, ते कौसल्येला लांबून कळलं. दुसरीत एक गडी मारला. तिसऱ्या चढाईत समोरच्या पाच जणींनी तिला कोपऱ्यात घेरलं, एकीने घोटा धरला, आणि सुगंधा तोंडावर आपटली. कौसल्येने डोळे मिटले. पण कान उघडे होते, आणि कानांत तो दम येतच राहिला, न तुटता, खणखणीत. डोळे उघडले तेव्हा पोरगी पोटावर सरपटत होती, ओठांवर माती, आणि तिची बोटं मधल्या रेषेवर टेकली होती. तीन गडी बाद. पंचाने हात वर केला. अशी पोर आपल्या पोटी कशी आली, ह्याचं त्या क्षणी कौसल्येला खरंच आश्चर्य वाटलं.

सहा वाजता यादी वाचली. नववं नाव, सुगंधा रघुनाथ घाडी.

मग काय विचारता! ज्याने त्याने रघूचा हात हातात घेतला. रामजी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "रघू, पोरीने चाळीचं नाव काढलं रे!" तो म्हणाला आणि एकेकाला पेढा देत सुटला. कुशाबापाशी आला आणि त्याने पुडा मागे घेतला. "हा इथे काय करतोय?"

"तार त्याने बसवली," रघू म्हणाला.

"बसवली असेल. उपकार झाले. पण ह्या मैदानावर आम्ही लाठ्या खाल्ल्यात, रघू. तुला सांगायला हवं का? तेरा वर्षं तू स्वतः ह्याचं तोंड बघितलं नाहीस."

कुशाबाने चप्पल सरळ केली आणि निघायला वळला. रघूने त्याचा दंड धरला.

"रामजी, तेरा वर्षं मी तोंड चुकवत होतो, ते माझं," रघू म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचाच, हळू, पण आजूबाजूची माणसं जवळ सरकली. "त्याची पोर टायफॉइडने पडली होती. औषधाला काही नव्हतं. आदल्या संध्याकाळी गच्चीवर त्याने मला विचारलं, रघ्या, काय करू? मी म्हटलं, जा. मी म्हटलं, लोकांना मी समजावीन. तो माझ्या शब्दावर गेला. आणि तुम्ही सगळे त्याच्या दारात जमलात, बांगड्या बांधल्यात, तेव्हा मी माझ्या दारात उभा होतो. तोंडच उघडलं नाही. घाबरलो. मग दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघवेना. तिसऱ्या दिवशीही बघवेना. लोक म्हणायला लागले, रघू तत्त्वाचा. मीही म्हणू दिलं."

नळावर, गॅलरीत, हळदीकुंकवाला, कुठे कुठे कौसल्येने ह्या तत्त्वाची फुशारकी मारली होती! आणि तिकडे वीस पावलांवर हा माणूस खाली मान घालून लोकांचे कोट रफू करत बसला होता. एक वाक्य बोलला असता, 'रघूनेच जा म्हणून सांगितलं', तर निम्मी चाळ त्याच्या दारावरून उठून कौसल्येच्या दारावर आली असती. त्याने ते बायकोलासुद्धा सांगितलं नसावं, नाहीतर मीराबाईने आज दार उघडलं नसतं. एवढा मोठा माणूस कौसल्येने आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्याच्या दारावर तिने बांगड्या टांगल्या होत्या.

तिने रामजीच्या हातातला पुडा घेतला, त्यातला पेढा काढला आणि कुशाबाच्या समोर धरला.

कुशाबाने पेढा घेतला नाही. तो रघूकडे बघत होता, सरळ तोंडाकडे.

"कशाला बोललास, रघ्या?" तो म्हणाला. "मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"म्हणूनच," रघू म्हणाला.